गाळाचा वास

वैशाख अर्धा सरला की आमच्या अमरावतीत साऱ्या वस्तूंना वास सुटतो. कूलरच्या ओल्या वाळ्याला, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांना, माठाला, तापलेल्या डांबराला. पेपरात अकोल्याचा पारा छापून येतो, तो वाचून आम्ही अमरावतीकर जणू चिखलदऱ्यालाच राहत असल्यासारखे सुस्कारा टाकतो, आणि दुपारी तसेच अंथरुणावर ओला पंचा टाकून पडतो. या दिवसांत मला एक खोड लागते. मी सारखी वास घेत असते. दुधाचा, कपड्यांचा, कोथिंबिरीचा. वास आला की बरं वाटतं. नवरा म्हणतो, तुला कुत्र्याच्या जन्माला जायचं होतं. त्याला मी काही सांगत नाही. वास येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यानं कुणाचा वास गेलेला पाहिलाय त्यालाच कळतं.

हा विहिरींचा गाळ काढायचा हंगाम. तुरी निघालेल्या असतात, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर ढिगाने पडलेल्या असतात, काळ्या जमिनीला अशा भेगा गेलेल्या असतात की त्यांत कोपरापर्यंत हात जातो. मृग यायच्या आत विहीर साफ करून घ्यायची, म्हणून शिवारात ठिकठिकाणी गाळ ओढणाऱ्या याऱ्या, म्हणजे इंजिनावरच्या क्रेन, उभ्या राहतात. इंजिनाची धडधड दूरवरून ऐकू येते. इतर गावांत ही धडधड ऐकून माणसं खूश होतात. आमच्या गावाची गोष्ट वेगळी.

आमचं गाव भातकुलीच्या पुढे, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. इथल्या विहिरीचं पाणी खारट. त्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजवली तरी दाणा न् दाणा वेगळा राहतो. बाहेरची सून आली की पहिल्या चहालाच तिचं तोंड वाकडं होतं. विहिरीच्या आतल्या दगडांवर उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर धरतो. म्हातारी माणसं सांगतात, इथे पूर्वी समुद्र होता. शास्त्रवाले यावर अजून आपसांत भांडतात. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं लागतं. पण एका उन्हाळ्यात मला म्हाताऱ्यांचंच खरं वाटलं होतं.

तेव्हा मी कोकणात एका खाडीच्या चिखलावर संशोधन करत होते. ओहोटीला होडीतून जायचं, चिखलात लांब नळी खुपसायची, ती अलगद वर काढायची आणि आत थरावर थर बसलेला काळा गाळ प्रयोगशाळेत आणायचा. वऱ्हाडातल्या मुलीला समुद्राचं कौतुक असतं, ते माझं पहिल्या आठवड्यातच उतरलं. गुडघाभर चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास. तो वास केसांत बसायचा, डब्यातल्या पोळीला लागायचा. आमचा होडीवाला सांगायचा, चिखल झोपलेला असतो तोवर चांगला, त्याला लाथ मारू नका. खरंच, पाय आपटला की चारी बाजूंनी बुडबुडे यायचे. त्या बुडबुड्यांत मिथेन असायचा, आणि तो कुठून आला हे शोधणं हेच माझं काम होतं.

ते काम मी मधुकाकाला जेवणाच्या भाषेत समजावलं होतं. खाडीच्या गाळात पानं, मेलेले मासे, शेवाळ असं बरंच काही पुरलं जातं. त्यावर सूक्ष्म जंतूंच्या पंगती बसतात. पहिल्या पंगतीला बसतात ते खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे. ते जेवले की सडक्या अंड्याचा वायू निघतो. जिथे सल्फेट संपतं तिथे ती पंगत उठते आणि दुसरी बसते, मिथेन बनवणाऱ्यांची. या मिथेनला अजिबात वास नाही. अन्न भरपूर साचलं असेल तर दोन्ही पंगती एकाच मांडवात जेवतात. आता कार्बनचं म्हणाल तर तो दोन वजनांचा असतो, एक साधा आणि एक किंचित जड. जंतू आळशी. ते हलका कार्बन आधी उचलतात, जड तसाच ताटात ठेवतात. म्हणून जंतूंनी बनवलेला मिथेन फार हलका निघतो. पृथ्वीच्या पोटात, खोल, उष्णतेनं शिजून झालेला गॅस त्यामानानं जड. यंत्रात घालून वजन पाहिलं की गॅसचं कुळ समजतं.

काका म्हणाला, "हे मस्त हाये बाप्पा. पंगतीत खरकटं कोनं टाकलं हे हुडकासाठी सरकार तुले पगार देते?"

मधुकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. उंच, काळासावळा, आवाज खणखणीत. त्याचं नाक गावात प्रसिद्ध होतं. कापसाच्या गंजीत हात न घालता तो सांगायचा की आत ओल धरली आहे. हुरडा कुणाच्या शेतात भाजला जातोय हे त्याला रस्त्यावरून कळायचं. मी खाडीवरून सुट्टीला घरी आले, बॅग खाली ठेवली आणि तो दारातूनच म्हणाला, "शुभे, काय सडवून आनलं वं बॅगीत?" बॅगेत चिखलाचे मोजे होते, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलेले.

त्याच वैशाखात त्यानं जुन्या विहिरीचा गाळ काढायचं मनावर घेतलं. विहीर बरीच वर्षं पडून होती. पाणी खारं, म्हणून कुणी पीत नसे. पुराच्या पाण्यासोबत सोयाबीनचं कुटार, पऱ्हाट्या, शेण, कधी एखादं मेलेलं जनावर आत गेलेलं. काकाचं म्हणणं, गाळ काढला तर निदान बैलांपुरतं पाणी होईल. भातकुलीहून सलीमचाचाला बोलावलं. पंचक्रोशीतल्या बोअरमधल्या मोटारी काढणं-बसवणं हा त्यांच्या घराण्याचा धंदा. जाड दोर, गडगडी आणि लोखंडी गळ घेऊन ते फटफटीवर यायचे. त्यांचा एक नियम होता. विहिरीत कुणीही उतरो, त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि गाठ सलीमचाचांनीच मारायची. काका चिडवायचा, "मले काय कसायाकडे नेऊन राह्यला काय?" चाचा म्हणायचे, "मधुभाऊ, गुस्सा वर येऊन करजो."

मी काठावर गेले आणि थबकले. समुद्रापासून इतक्या लांब, काळ्या रानात, खाली वाकले तर खाडीचा वास. तोच. डोळे मिटले असते तर पायाखाली होडी हलली असती. मी काकाला म्हटलंसुद्धा, "काका, हा माझ्या चिखलाचा वास आहे." तो खूश झाला. "पाय वं शुभे, म्हातारे सांगत होते ना, समुद्र होता म्हनून!"

मग रीत झाली. काठावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि पेटवलेला कंदील दोराने खाली सोडला. आमच्याकडे हे सगळेच करतात. खाली हवा खराब असेल तर कंदील विझतो, मग दुसऱ्या दिवशी बघायचं. कडुनिंबाची डहाळी दोराला बांधून वरखाली केली, हवा खेळावी म्हणून. कंदील शांतपणे जळत होता. थोड्या वेळानं काका नाक वर करून म्हणाला, "वास गेला." मीही वाकून पाहिलं. खरंच गेला होता. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

काका उतरला. पायऱ्या संपल्यावर दोराने. खाली पोचून त्यानं कुदळ मारली, एक, मग दुसरी. त्यानं वर बघून काहीतरी म्हटलं, ते आम्हाला कळलं नाही. मग तो बसला. थकलेला माणूस बांधावर बसतो तसा, अगदी सावकाश, आणि बसल्याजागी आडवा झाला. त्याच्या डोक्यावर कंदील जळत होता. मी तो कंदील आजही विसरलेले नाही. चाचांनी दोर ओढायला घेतला. त्यांच्या तळव्यांची साल निघाली, दोरावर रक्त लागलं, पण त्यांनी हात बदलला नाही.

काका वाचला. शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला ते, "कोनाले सांगू नका." विहिरीनं माणूस पाडला असं गावात झालं तर कुणी त्या शेतात मजुरीला येणार नाही. शिवाय मधुकर पाटील, आणि आपल्याच विहिरीत आडवा झाला? ठरलं असं की काकाला ऊन लागलं. वैशाखात ऊन लागणं यात कुणाला काय वेगळं वाटणार? चाचांनी शब्द दिला. विहिरीवर लोखंडी जाळी बसली.

मी खाडीवर परतले आणि जाड पुस्तकांतून मला हळूहळू उमगत गेलं की त्या दिवशी नेमकं काय घडलं. सडक्या अंड्याचा तो वायू थोडा असतो तेव्हा नाकाला झोंबतो. वाढला की नाकच बधिर करतो. वास जातो तेव्हा वायू गेलेला नसतो, माणसाचं नाक गेलेलं असतं. कंदील तर त्याला ओळखतच नाही, माणूस मरेल एवढ्या हवेतही तो खुशाल जळतो. आणि मिथेन जरा जास्त साचला असता तर त्याच कंदिलानं विहीर भडकून उठली असती. आमच्या रितीत चूक नव्हती, ती दुसऱ्या हवेसाठी, प्राणवायू संपलेल्या हवेसाठी, बनलेली होती. हे सगळं उमगलं त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगायला लाज कसली?

काकाचं नाक मात्र परत आलं नाही. हे फक्त काकूला आणि मला ठाऊक होतं. चुलीवर दूध करपलं तरी तो शेजारी बसून पेपर वाचत राहायचा. पहिल्या सरीनंतर अख्खं गाव अंगणात येऊन मातीचा वास घ्यायचं, हाही सगळ्यांसोबत उभा राहायचा, छाती भरून श्वास ओढायचा आणि "वा!" म्हणायचा. ते "वा" ऐकून मला रडू यायचं. एकदा जेवताना मला हळूच म्हणाला, "शुभे, सारं जेवन एकसारखं लागते वं. वांग्याची भाजीबी अन् पिठलंबी."

त्या वर्षी पोळ्याच्या सुट्टीत मी काचेच्या बाटल्या घेऊन घरी आले. पावसानं विहीर पायऱ्यांपर्यंत चढली होती आणि पाण्यावर एकेक बुडबुडा येऊन फुटत होता. जाळी बाजूला करून मी वरच्या पायरीवर तोंड वळवून बसले, कमरेला चाचांची गाठ, आणि पाण्यात उलट्या धरलेल्या नरसाळ्यातून बुडबुडे बाटलीत धरले. काकाला मोठी आशा होती. खोलातला गॅस निघाला, जुन्या समुद्राचा, तर आपल्या विहिरीचं नाव होईल. ज्या समुद्रानं आपलं नाक नेलं तो निदान खरा असावा, असंही त्याला वाटत असेल.

यंत्रानं सांगितलं ते साधं होतं. गॅस हलका. फार हलका. त्यात समुद्र नव्हता, भूगर्भ नव्हता. जंतूंनी बनवलेला, अजूनही बनत असलेला. आपण टाकलेलं कुटार, आपल्या पऱ्हाट्या, आपलं शेण. मीठ तेवढं जमिनीचं. मी काकाला ते फोनवर सांगितलं.

"म्हंजे ते जितं हाये म्हन ना."

"हो."

"अन् आपुनच त्याले खाऊ घालून राह्यलो."

काका गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तो अंथरुणावरच गेला, म्हातारपणानं. त्याचा मुलगा गजानन, आमचा गजू, विहिरीच्या त्या उन्हाळ्यात पुण्याला कंपनीत होता. वडिलांना ऊन लागलं होतं, एवढंच त्याला माहीत. नंतर नोकरी सोडून शेतीत आला. हुशार आहे, मेहनती आहे, आणि बापासारखाच कुणाचं ऐकत नाही. काकूच्या आणि माझ्या मनात कैकदा आलं, त्याला सांगावं. पण जाळीवर आता वेल चढला होता, विहीर दिसेनाशी झाली होती. बापानं झाकलेलं आपण कशाला उघडायचं, असं म्हणून राहून गेलं.

या वैशाखात सकाळी मी कैऱ्या किसत होते आणि सलीमचाचांचा फोन आला. चाचा आता थकलेत, मोटारी मुलगा काढतो. आवाज घाईचा होता.

"बेटा, तू ये. गजूनं जाळी काढली. पावसाचं पानी विहिरीत सोडासाठी गाळ काढतो म्हंते. यारीवाला उद्या येनार, हा आजच उतरून पायतो म्हंते. माहा दोर मी देऊन नाई राह्यलो, म्हनून दुसरा आनाले मानूस धाडला."

"गजूला फोन द्या."

गजूचा आवाज हसरा होता. "ताई, चाचा उगाच घाबरून राह्यले. मी रीत केली ना सारी. कंदील कोनाच्या घरी हाये आता? राकेलच भेटत नाई. टॉर्च सोडला खाली, चार्जिंगचा. मस्त जळून राह्यला. विझला नाई."

माझ्या हातातली किसणी तशीच राहिली. टॉर्च. जो पाण्यात बुडाला तरी जळतो, तो.

"वास येतोय का?"

"पयले येत होता. आता बिलकुल नाई."

"मी येईपर्यंत उतरू नकोस," एवढं बजावून मी निघाले. भातकुलीला एसटीतून उतरले आणि समोर कोंबडीचं दुकान दिसलं. का थांबले ते त्या क्षणी मला नीट सांगता आलं नसतं. दुकानदारानं विचारलं, "कापून देऊ ना मॅडम?" मी म्हटलं, "नाही, जिवंतच द्या." पुढच्या ऑटोत मी पिशवी मांडीवर धरून बसले. पांढरी ब्रॉयलर, उन्हानं तोंड उघडून धापा टाकणारी. पिशवीवरून तिचं ऊर माझ्या तळव्याला लागत होतं. मी कॉलेजात अपघात टाळण्याच्या नियमांवर तास घेते, आणि माझ्याकडचं सगळ्यात विश्वासाचं उपकरण हे होतं.

शेतात पोचले तेव्हा दुसरा दोर आला होता. गजूनं शर्ट काढलेला. चाचा काठावर ठाण मांडून बसलेले, पायाखाली आपला दोर. मी वाकले नाही, लांबूनच म्हटलं, "उतरायच्या आधी ही खाली सोड." मजूर हसले. गजूही हसला, पण वडीलबहिणीचा मान म्हणून टोपलीत कोंबडी घालून त्यानं टॉर्चच्या दोरालाच टोपली बांधली. खाली सोडली. आम्ही वाट पाहिली. वर ओढली.

कोंबडी जिवंत होती. टोपलीतून मान काढून तिनं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"झालं समाधान?" गजू म्हणाला आणि दोर कमरेला गुंडाळू लागला. मला आधी ओशाळल्यासारखं झालं, आणि मग त्याहून जास्त भीती वाटली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. त्या वेळी मला तो होडीवाला आठवला. झोपलेला चिखल. काकाची कुदळ, एक, मग दुसरी.

"आधी गाळ ढवळा," मी म्हटलं. "गळ टाका, चांगला ढवळा, आणि मग ती पुन्हा सोडा."

"ताई, दुपार होऊन राह्यली!"

"ढवळ म्हणते ना!" मी ओरडलेच. चाचांनी लोखंडी गळ उचललाही होता. तो खाली गेला, गाळात रुतला, फिरला. खालून खदखद ऐकू आली. मग वास वर आला, खाडीचा, असा की एका मजुरानं तोंड फिरवलं. मी गजूचं मनगट धरून सगळ्यांना काठापासून मागे ओढलं. टोपली खाली गेली होती. थोड्या वेळानं तोच मजूर म्हणाला, "गेला बाप्पा वास." त्याच्या आवाजात सुटका होती.

दोर वर आला. टोपलीतली कोंबडी आडवी झाली होती, मान टोपलीच्या कडेवरून लोंबत होती. गजूनं तिला बोटानं हलवून पाहिलं, मग दोन्ही हातांत घेतलं. ती अजून गरम असणार.

त्यानं तिला टोपलीशेजारी मातीवर ठेवलं. मग बाजूला काढलेल्या जाळीकडे पाहिलं आणि तो चाचांकडे वळला.

"बाबाले ऊन नव्हतं लागलं?"

चाचांनी आपले तळवे पाहिले. दिलेला शब्द त्यांनी इतकी वर्षं सांभाळला होता. ते म्हणाले, "नाई बेटा."

गजू खाली बसला. टोपलीजवळ दोराला टॉर्च जळत होता, भर दुपारच्या उन्हातही त्याचा उजेड दिसत होता. त्यानं तो बंद केला आणि कमरेभोवतीचा दोर सोडायला घेतला.